सहीचा अधिकार

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर अकरा जणांना सहीचा अधिकार होता. त्यांतल्या आठ जणांची नावं तिला सांगता आली नाहीत.

ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं, ते २४.०४ करायला घेतलं आणि गाडी सुरू होण्याआधीच अडली. दोन दिवसांवर प्रोजेक्टचं सादरीकरण. "मामा, सरळ फॉरमॅट मारू का?" असा रात्री साडेनऊला फोन आला. म्हटलं, काही मारू नकोस, लॅपटॉप घेऊन ये.

पडद्यावरचा संदेश सरळ होता. अपग्रेडचा हिशेब जुळत नाही, आणि त्याच्या संभाव्य कारणांत एक कारण स्वच्छ लिहिलेलं: उबुंटूने न दिलेली, बाहेरची पॅकेजं. हे वाक्य उबुंटूवाल्यांनी तिथे वर्षानुवर्षं ठेवलं आहे. लोक मात्र तेवढंच सोडून बाकीचं सगळं वाचतात.

मी 'ईटीसी'मधलं 'अ‍ॅप्ट' आणि त्यातलं 'सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी' हे फोल्डर उघडलं. उबुंटूच्या स्वतःच्या यादीशेजारी अकरा बाहेरच्या फाइली. एक नव्या पायथॉनसाठी, कारण प्रॅक्टिकलच्या नोट्समध्ये तसं लिहिलं होतं. दोन ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी. एक स्क्रीन रेकॉर्ड करायला, एक व्हिडिओ एडिट करायला, एक डेटाबेसची, एक ब्राउझरची, दोन नुसत्या आयकॉन आणि थीमच्या, एक गाणी ऐकायच्या प्लेअरची. अकरावी कशाची, ते तिलाही कळेना आणि मलाही. "हे कधी टाकलंस?" विचारलं तर म्हणाली, "मी नाही टाकलं मामा, व्हिडिओत सांगितलं तसं पेस्ट केलं."

या उत्तराने मी अस्वस्थ झालो आणि म्हणून हा आठवडा या विषयाला दिला आहे.

लिनक्सवर सॉफ्टवेअर कुठून येतं, हे आधी नीट समजून घेऊ. डेबियन १९९३ साली सुरू झालं, उबुंटू त्याच्यावर उभं राहून २००४ साली आलं. या दोघांकडे सॉफ्टवेअरची कोठारं आहेत. त्यांना सगळेच रेपो म्हणतात, मीही तसंच म्हणतो. डेबियनच्या ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. प्रत्येकाला कुणीतरी वाली आहे. ती एकमेकांशी जुळतात की नाही ते तपासलेलं आहे, परवाने वाचलेले आहेत, आणि भोक सापडलं तर बुजवणारं पथक आहे. इतकं मोठं सार्वजनिक काम जगात विनामूल्य चालतं आणि आपण त्याच्या जिवावर बँका, कॉलेजं, सर्व्हर चालवतो. मला याचं फार अप्रूप आहे.

या कोठाराबाहेरचं काही हवं असेल तर बाहेरचा रेपो जोडता येतो. उबुंटूने २००७पासून पीपीए नावाची सोय दिली. कुणीही खातं उघडावं, स्वतःचं सॉफ्टवेअर चढवावं, इतरांनी एका आदेशात ते जोडून घ्यावं. नव्या सॉफ्टवेअरच्या लेखकाला आपलं काम त्याच दिवशी लोकांपर्यंत नेता येतं, यात काहीच वाईट नाही. पण चढवलेलं कुणी दुसरा माणूस वाचून बघत नाही. तो दुसरा माणूस म्हणजे तुम्ही.

आता सहीचं. डेबियनने २००७च्या चौथ्या आवृत्तीपासून प्रत्येक कोठारावरची डिजिटल सही तपासायला सुरुवात केली. बाहेरचा रेपो जोडताना त्याची जाहीर किल्ली आपल्या यंत्रात ठेवावी लागते. बँकेत नमुना सही देतात ना, तेच. त्या क्षणापासून त्या सहीचा प्रत्येक चेक वटतो. सही खरी आहे एवढंच बँक बघते. रक्कम किती, कशासाठी, हे बघत नाही. लोकांना वाटतं, आपण एक सॉफ्टवेअर घेतलं. घेतलेलं असतं एकच, पण सहीचा अधिकार दिलेला असतो आजपासून पुढे कायमचा.

अधिकार किती मोठा, तेही ऐका. डेबियनच्या पॅकेजमध्ये, ते बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टा असू शकतात. त्या रूट म्हणून चालतात, म्हणजे यंत्राच्या मालकाच्या अधिकारात. आयकॉनच्या पॅकेजलाही हीच मुभा. चार रंगीत चित्रांसाठी जोडलेला रेपो तुमच्या घरातली कुठलीही फाइल वाचू शकतो, कुठलीही बदलू शकतो.

आणि तो फक्त आयकॉनच देईल असंही बंधन नाही. अ‍ॅप्ट हे पॅकेजं बसवणारं साधन साधारणपणे सगळ्या कोठारांना सारखंच वजन देतं, आकडा ५००. घरचा असो की बाहेरचा, दोघांना ५००. मग निकाल लागतो आवृत्तीच्या आकड्यावर, ज्याचा मोठा तो जिंकला. बाहेरच्या रेपोत तुमच्या यंत्राच्या पायातली एखादी लायब्ररी मोठ्या आकड्याने ठेवलेली असेल, तर पुढच्या अपग्रेडमध्ये ती गुपचूप येऊन बसते. ओसरी दिली होती, माजघर गेलं.

भाचीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं होतं. एकेका पॅकेजवर 'अ‍ॅप्ट पॉलिसी' चालवत गेलो. हा आदेश फार उपयोगी आहे. कुठली आवृत्ती बसली आहे, कुठली येऊ शकते, आणि कुठून, हे तो ओळीने सांगतो. 'लिब-वेबपी' या लायब्ररीपाशी थांबलो. वेबपी प्रकारची चित्रं उघडायचं काम ती करते. उबुंटू २२.०४ची स्वतःची आवृत्ती १.२.२. लॅपटॉपवर बसलेली १.२.४, आणि आकड्याच्या शेपटीला व्हिडिओ एडिटरच्या त्या पीपीएवाल्याचं टोपणनाव.

वरवर पाहता बरंच की, जुन्याच्या जागी नवं. पण सप्टेंबर २०२३मध्ये याच लायब्ररीत एक गंभीर भोक सापडलं. ॲपलच्या सुरक्षा पथकाने आणि टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने ते कळवलं होतं. हल्लेखोर ते आधीपासून वापरत होते. मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र उघडलं की पुरे. क्रोमने घाईघाईने दुरुस्ती काढली, फायरफॉक्सने काढली, आणि उबुंटूने काही दिवसांतच आपल्या १.२.२मध्ये ठिगळ लावून सगळ्यांना पाठवलं. मूळ लायब्ररीत हे भोक १.३.२मध्ये बुजलं.

भाचीच्या लॅपटॉपवर उबुंटूची ती दुरुस्ती पोचलीच नाही. कारण अ‍ॅप्टच्या हिशेबी तिच्याकडे १.२.४ होतं, १.२.२पेक्षा मोठं. दुरुस्त केलेलं १.२.२ दाराशी आलं आणि जुनं समजून परत गेलं. पीपीएवाल्याने शेवटचा बदल २०२२ साली केलेला. तेव्हापासून ती रोज इमानदारीने अपडेट करत होती. रोज तिला सांगितलं जात होतं की सगळं अद्ययावत आहे.

मी त्या पीपीएवाल्याला दोष देत नाही. त्याने एक चांगला एडिटर लोकांपर्यंत पोचवला, मग त्याची नोकरी बदलली असेल, कंटाळा आला असेल, घरात आजारपण आलं असेल. फुकट काम करणाऱ्या माणसाने जन्मभर आपल्यासाठी राबावं, ही अपेक्षाच चुकीची. नव्या पायथॉनसाठी सगळे वापरतात तो डेडस्नेक्स नावाचा पीपीए स्वतःच्याच पानावर सांगतो की सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर मिळतील याची हमी नाही. किती प्रामाणिक. माझा राग आहे तो हे न वाचता, न सांगता, विद्यार्थ्यांना तीन ओळी पेस्ट करायला लावणाऱ्यांवर.

पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत उबुंटू सर्रास शिकवतात. मराठीतून शिकवणारेही आता पुष्कळ आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत आणले, ते मोलाचं काम आहे. पण घाईघाईने केलेल्या व्हिडिओंत काय चालतं ते पाहा. पहिली ओळ रेपो जोडायची, दुसरी किल्ली टाकायची, तिसरी बसवायची. रेपो कुणाचा, एक शब्द नाही. काम झाल्यावर तो काढायचा कसा, एक शब्द नाही. किल्लीवरून चूक आली तर सांगतात, कंसात 'ट्रस्टेड बरोबर यस' लिहा. याचा अर्थ सही तपासूच नका. म्हणजे कॅशियरला सांगायचं, सही जुळत नसली तरी पैसे दे. हे शिकवणं नाही. मुलांच्या हाताने त्यांच्याच घराची कडी काढणं आहे.

'अ‍ॅप्ट की' या जुन्या आदेशाचीही तीच गोष्ट. त्याने टाकलेली किल्ली सगळ्या कोठारांना लागू व्हायची. गाण्याच्या प्लेअरसाठी घेतलेली सही उबुंटूच्या मुख्य कोठाराच्या नावानेही चालली असती. एका खात्यासाठी दिलेल्या नमुना सहीवर सगळ्या खात्यांतून पैसे निघावेत, तसं. म्हणून तो आदेश मोडीत काढला. आता किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवतात आणि रेपोच्या ओळीत 'साइन्ड बाय' लिहून ती फक्त त्याच रेपोपुरती बांधतात. ही सुधारणा येऊन काही वर्षं झाली, तरी जुने व्हिडिओ आणि जुन्या नोट्स तशाच फिरताहेत. शिक्षकांनो, निदान तेवढ्या दोन ओळी बदला.

आता कुणी म्हणेल, इतकी वर्षं वापरतो आहोत, काय झालं? झालं आहे ते सांगतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात, लिनक्सवर एमपीथ्री वाजवणं आणि डीव्हीडी बघणं हे दुखणं होतं. पेटंटच्या भानगडीमुळे अनेक वितरणं हे सॉफ्टवेअर देत नसत किंवा अर्धवट देत. फेडोरा हे वितरण वापरणाऱ्यांनी त्यासाठी लिव्हना, फ्रेशआरपीएम्स, ड्रिबल असे बाहेरचे रेपो धरले. ते तिघे २००८मध्ये एकत्र येऊन आरपीएम फ्यूजन झाले आणि आजही जबाबदारीने चालतात. डेबियनवाल्यांकडे होता 'डेबियन मल्टिमीडिया'. तो डेबियनचा नव्हता, एका माणसाने चालवलेला होता, पण नावात डेबियन असल्यामुळे लोकांना तो घरचाच वाटे. माझ्याही यादीत तो होता. प्रत्येक नव्या यंत्रावर तो टाकायचा, ही सवय होऊन गेली होती.

पुढे चालवणाऱ्याने नाव बदललं, रेपो नव्या पत्त्यावर नेला आणि जुना पत्ता सुटला. जून २०१३मध्ये डेबियनने जाहीर सूचना काढली: जुना पत्ता आता भलत्याच अनोळखी माणसाने घेतला आहे, आपल्या यादीतून ती ओळ ताबडतोब काढा. त्या दिवशीपर्यंत जगभरातली कितीतरी यंत्रं रोज त्या पत्त्यावर जाऊन 'काही नवीन आहे का' विचारत होती. पत्त्यावर कोण बसलं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. सही तपासण्याची व्यवस्था होती म्हणून बचावलो, कारण नव्या मालकाकडे जुनी सही नव्हती. ज्यांनी सही तपासणं बंद करून ठेवलं होतं, त्यांना तेवढाही आडोसा नव्हता.

ज्याला सही दिली तो उद्या तोच राहील असं कुठे आहे? आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या सामायिक रेपोत जुलै २०१८मध्ये एक बेवारस पॅकेज कुणीतरी दत्तक घेतलं. पीडीएफ वाचायच्या 'ॲक्रोरीड'चं. नियमाप्रमाणे घेतलं आणि त्यात यंत्राची माहिती गोळा करणारी स्क्रिप्ट घुसवली. जुलै २०२५मध्ये त्याच रेपोत फायरफॉक्स, लिब्रवुल्फ, झेन या ब्राउझरांची 'सुधारलेली' म्हणून तीन पॅकेजं आली. त्यांत यंत्राचा ताबा दूरवरून घेणारं केऑस नावाचं सॉफ्टवेअर होतं. दोन दिवसांत ती काढली गेली. मधल्या वेळात ज्यांनी बसवली, त्यांचं काय? आर्चने मुळातच बजावून ठेवलं आहे की या रेपोतलं प्रत्येक पॅकेज स्वतः वाचा आणि मगच बांधा. मे २०१८मध्ये उबुंटूच्या 'स्नॅप' या वेगळ्या पॅकेज-पद्धतीच्या दुकानात '२०४८' नावाच्या खेळामागे लपून कुणाच्या तरी फायद्यासाठी क्रिप्टो खणणारा प्रोग्रॅम सापडला होता. खेळ चालू, पंखा जोरात, वीजबिल खेळणाऱ्याचं.

मग घरचं कोठार अभेद्य आहे का? नाही. आणि हे लपवणं बरोबर नाही.

मार्च २०२४मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत. ती घालणाऱ्याने 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, एकट्या थकलेल्या सांभाळकर्त्याचा भार हलका केला, आणि मग घाव घातला. ही चोरवाट डेबियनच्या घडण चालू असलेल्या शाखांत आणि फेडोराच्या चाचणीतल्या आवृत्तीत पोचलीही. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. त्या माणसाचे उपकार आपण सगळ्यांनी मानायला हवेत.

पण ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती. का? कारण स्थिर आवृत्ती थांबते. नवं आलं की लगेच घेत नाही. ज्या थांबण्याला आपण रोज नावं ठेवतो, 'डेबियनमध्ये सगळं जुनंच' म्हणून नाक मुरडतो, आणि ज्या 'जुन्या'ला कंटाळून बाहेरचे रेपो जोडतो, त्या थांबण्याने लाखो सर्व्हर वाचले. समोरच्या दाराने यायला चोराला दोन वर्षं सोंग काढावं लागलं आणि तरीही तो उंबऱ्यात सापडला. बाहेरच्या रेपोच्या दाराने यायला एक खातं उघडावं लागतं.

म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न हा विचारला: जुन्याने तुझं नेमकं काय अडलं होतं? अकरांपैकी तीन ठिकाणी खरंच अडलं होतं. बाकी आठांत, कशाची ते न कळलेली एक सोडली तर, उबुंटूच्या स्वतःच्या कोठारात तेच सॉफ्टवेअर होतं, एखाद-दोन आवृत्त्या मागचं. मराठी लिहिण्यासाठीही काही जण कुठून कुठून काय काय उतरवतात, म्हणून सांगतो. लोहित देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्टसकट मराठीचे कीबोर्ड डेबियन-उबुंटूच्या मूळ कोठारात आहेत. बाहेर जाण्याची गरजच नाही.

खरी गरज असेल तेव्हा बाहेरचा रेपो जरूर जोडा. मी सोवळं पाळायला सांगत नाही. मोझिलाने जानेवारी २०२४मध्ये फायरफॉक्सचा स्वतःचा अ‍ॅप्ट रेपो सुरू केला. उबुंटूने २२.०४पासून फायरफॉक्स स्नॅपमध्ये नेल्यामुळे ज्यांना ते नको होतं, त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. त्यांच्या सूचना बघा. किल्ली वेगळ्या जागी ठेवायला सांगतात, ती फक्त त्याच रेपोला बांधतात, आणि किल्लीचा चाळीस अक्षरांचा ठसा ताडून पाहायची पायरीही देतात. सॉफ्टवेअर बनवणाराच रेपो चालवतो आहे, त्याला नाव-गाव आहे, आणि रेपो उद्याही असेल अशी संस्था मागे आहे. पोस्टग्रेसचा रेपो तसाच, डेबियनमध्ये पोस्टग्रेस सांभाळणारी मंडळीच तो चालवतात. डेबियनचं स्वतःचं बॅकपोर्ट्स कोठारही आहे, तिथे नव्या आवृत्त्या मिळतात. त्याचा शिष्टाचार मला फार आवडतो. तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय तिथलं काहीही तुमच्या यंत्रावर येत नाही, कारण त्याचं वजन ५०० नसून १०० ठेवलेलं असतं. बाहेरच्या रेपोंनाही तुम्ही स्वतः असं वजन नेमून देऊ शकता. 'अ‍ॅप्ट'च्या 'प्रेफरन्सेस'मध्ये चार ओळी लिहिल्या की झालं. मागितलं तेवढंच दे, बाकी हात लावू नकोस.

आणि न विचारता यादीत नाव घालणाऱ्या मोठ्यांचंही बोलायला हवं. क्रोमची डेब फाइल बसवली की गुगलचा रेपो तुमच्या यादीत आपोआप जाऊन बसतो. उतरवण्याच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, म्हणून त्यांना निदान सांगितल्याचं श्रेय देतो. पण २०२१च्या सुरुवातीला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमने एका साध्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टचा रेपो आणि किल्ली सगळ्यांच्या यंत्रांत घातली. कोड एडिटर सहज मिळावा म्हणून. ज्यांच्या यंत्राला पडदाही जोडलेला नाही, ज्यांचं यंत्र फक्त पंपाचं किंवा सेन्सरचं काम करतं, त्यांच्याही. हेतू वाईट नसेल. तरीही ते चूक होतं. माझ्या खात्यावर कुणाची सही चालणार हे मी ठरवणार, बँकेने ठरवायचं नाही. मुक्त सॉफ्टवेअर आपण कशासाठी वापरतो? यंत्रावर आपला शब्द चालावा म्हणूनच ना?

रात्री भाचीबरोबर बसलो. नुसती फाइल खोडून भागत नाही, हे तिला आधी दाखवलं. रेपो यादीतून गेला तरी त्याने दिलेली पॅकेजं मोठ्या आकड्याने तशीच बसून राहतात, आणि आता तर त्यांना कुणीच वाली उरत नाही. त्यासाठी 'पीपीए पर्ज' नावाचं साधन आहे. तो पीपीए बंद करून तिथून आलेली पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतं. एकेक करून आठ काढले. प्रत्येक वेळी पडद्यावर काय मागे जाणार याची यादी येई, ती आम्ही मोठ्याने वाचत होतो. व्हिडिओ एडिटरच्या वेळी 'लिब-वेबपी'ची ओळ आली तेव्हा तिने बोट ठेवलं. "म्हणजे हे दोन वर्षं उघडंच होतं?" होय, उघडंच होतं. काही गेलं का? माहीत नाही, आणि ते कळण्याचा मार्गही नाही.

एक वाजता अपग्रेड सुरू झालं, तीनच्या आत संपलं. बाहेरचे तीन रेपो त्याने नेहमीप्रमाणे बंद करून ठेवले होते. त्यांतले दोन तिने २४.०४साठीचे पत्ते बघून पुन्हा जोडले. तिसरा पायथॉनचा होता. २४.०४बरोबर पायथॉन ३.१२ आधीच येतं, म्हणून तो लागलाच नाही.

आज तुमची यादी उघडा. प्रत्येक नावावर स्वतःला विचारा: हा कोण, कशासाठी आहे, आणि मी याला शेवटचं कधी पाहिलं. उत्तर नसेल तर 'पीपीए पर्ज'ने किंवा हाताने, पण नीट मागे नेऊन काढा. जे ठेवाल त्या ओळीच्या वर हॅशचं चिन्ह देऊन मराठीत लिहा, अ‍ॅप्ट हॅशची ओळ वाचत नाही, ती तुमच्यासाठी असते. भाचीच्या यादीत आता बाहेरची दोन नावं आहेत. दोन्हींच्या वर तिने तारीख आणि कारण लिहिलं आहे.